अकराव्या दिवशी घरी न्यावं का?

पत्र असं आहे, थोडं आटोपशीर करून:

“आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. मुलगा साडेचार महिन्यांचा. आधी तीन दिवस हिरवट, शेंबडी शी आणि ताप. गावातल्या डॉक्टरांनी थेंब दिले. चौथ्या दिवशी त्यानं अंगावर पिणं सोडलं. कडेवर घेतलं की उलट जास्त रडायचा. टाळू टम्म लागत होती. सासूबाई म्हणाल्या, टाळू भरून येतेय, चांगलंच आहे. रात्री डोळे फिरवले आणि एका हाताला आकडी आली, तसं नागपूरला आणलं. मणक्यातून पाणी काढलं, त्यात साल्मोनेला निघाला. मेंदूज्वर आहे म्हणाले. आज अकरावा दिवस. ताप पाचव्या दिवशीच गेला. आता पितो, हसतो. डॉक्टर म्हणतात, किमान चार आठवडे इंजेक्शनं. दिरांचं औषधाचं दुकान आहे. ते म्हणतात, आमच्या ओळखीतल्या मुलाला मेंदूज्वरातून दहा दिवसांत सोडलं होतं, बाकीचं सिरपवर भागवू. पैसेही संपत आलेत. सासूबाई म्हणतात, मी पतसंस्थेत परत कामाला लागले, डब्याचं दूध सुरू केलं, म्हणून हे झालं. मला गुटीचा संशय आहे, पण बोलायची सोय नाही. मोठी मुलगी चार वर्षांची, तिला आठवडाभर आधी जुलाब झाले होते. हा टायफॉइडच का? मणक्यातलं पाणी काढल्यानं पाय लुळे पडतात म्हणतात, खरं का? मेंदूवर परिणाम राहील का? परत होईल का? आणि पाचव्या महिन्यात जावळ ठरलंय, तोवर घरी येता येईल का?”

ताई,

निकडीचं आधी लिहितो, कारण तुम्ही हे वाचेपर्यंत दिरांनी गाडी ठरवलेली असायची. बाळाला घरी नेऊ नका. आज नाही आणि पुढच्या आठवड्यातही नाही. चार आठवड्यांची मुदत बिल फुगवायला सांगितलेली नाही. या जंतूच्या मेंदूज्वराला किमान चार आठवडे शिरेतून औषध द्यायचं, हे जगभरचे मुलांचे डॉक्टर पाळतात. स्कॅनमध्ये कुठे पू साठलेला दिसला तर ते सहा आठवडे किंवा त्याहूनही लांबतं.

तुमचे दीर खोटं बोलत नाहीत. त्यांनी पाहिलेलं मूल दहा दिवसांत घरी गेलंही असेल. पण मेंदूज्वर हा एकच आजार नव्हे. मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज आणणारे जंतू अनेक आहेत आणि प्रत्येकाचा हिशोब निराळा. मेनिंगोकॉकस असेल तर आठवडाभरात काम होतं, न्यूमोकॉकसला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि विषाणूमुळे झालेला असेल तर कित्येकदा प्रतिजैविक लागतच नाही. ओळखीतल्या मुलाला यांतलं नेमकं काय होतं, हे दिरांना ठाऊक नसणार. ते विचारल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही.

साल्मोनेलाला इतके दिवस का लागतात, ते नीट समजून घ्या, म्हणजे घरात सांगता येईल. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींचं कामच जंतू गिळून मारायचं. साल्मोनेला त्या पेशींच्या पोटात गेला तरी मरत नाही, तिथेच तग धरून राहतो. खाटेच्या फटीत शिरलेल्या ढेकणासारखं आहे हे. औषध मारलं की उघड्यावरचे मरतात, दोन रात्री शांत झोप लागते आणि माणूस म्हणतो, गेले. मग औषध थांबतं. तुमच्या बाळाचा ताप पाचव्या दिवशी उतरला, याचा अर्थ उघड्यावरचे मेले. फटीतले अजून शिल्लक असू शकतात. ॲम्पिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल हीच औषधं हाताशी होती त्या काळात हा आजार बरा झाला झाला म्हणेपर्यंत उलटायचा, आणि पुष्कळ बाळं दगावायची. सेफोटॅक्सिम, सेफ्ट्रिॲक्सोन ही औषधं १९८० नंतर हाती आली, तेव्हा चित्र पालटलं. तरीही उपचार लवकर थांबवले तर आजार उलटतो, हे अजूनही बदललेलं नाही. आणि उलटला की आधीच सूज सोसलेल्या मेंदूवर दुसरा घाव बसतो.

आता सिरपचं. औषध पोटातून रक्तात येतं ते आधीच कमी, आणि रक्तातून मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतं ते त्याहूनही कमी. सूज असते तेव्हा आवरणातून औषध त्यातल्या त्यात सहज झिरपतं. बाळ जसजसं बरं होत जातं, तशी सूज ओसरते आणि ही वाट अरुंद होते. म्हणजे ‘आता बरा आहे, मात्रा कमी करू, तोंडाने देऊ’ असं ज्या दिवसांत आपल्याला वाटतं, नेमक्या त्याच दिवसांत शिरेतून भरपूर मात्रा लागते. दिरांच्या दुकानातली कोणतीही बाटली याला पर्याय नाही. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला औषधांची नावं पाठ असतात, आणि नातेवाईक त्यालाच डॉक्टर समजतात. त्यात त्याचा फारसा दोष नसतो, पण किंमत बाळ मोजतं.

पैशाची गोष्ट मी झटकून टाकणार नाही. महिनाभर खासगी दवाखान्यात राहणं म्हणजे भल्याभल्यांचं कंबरडं मोडतं. दवाखाना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो. रेशनकार्ड घेऊन आजच त्याला भेटा आणि हा आजार बसतो का, आत्तापर्यंतच्या खर्चाचं काय, पुढचं काय, हे तोंडी नको, कागदावर लिहून घ्या. तिथे जमलं नाही तर नागपुरातच मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, मेयो आहे, एम्स आहे, आणि वाटेवर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. तिथे गर्दी असेल, खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपावं लागेल, पण औषध तेच मिळेल. स्वतःच्या जबाबदारीवर सही करून, ज्याला दवाखान्यात डामा म्हणतात तसं बाहेर पडू नका. डॉक्टरांना सरळ सांगा, “आम्हाला परवडत नाही, सरकारी दवाखान्यात पाठवा, सगळे कागद द्या.” असं सांगितल्यावर कोणी अपमान करत नाही, आणि केलाच तर गिळा. कागदांत कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून पाहिल्याचा रिपोर्ट असलाच पाहिजे. त्यावर औषधांच्या नावांपुढे एस किंवा आर लिहिलेलं असतं. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, आर म्हणजे दाद देत नाही. नव्या डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला तोच कागद हवा असतो.

शेवटच्या टप्प्यात, सगळं सुरळीत असेल, तर काही डॉक्टर दवाखान्याजवळ खोली घेऊन रोज इंजेक्शनाला यायची मुभा देतात. तसं विचारून बघायला हरकत नाही. मात्र निर्णय त्यांचा. मी बाळाला पाहिलेलं नाही, त्यांनी रोज पाहिलंय.

त्यांना विचारायचेच असतील तर हे प्रश्न विचारा. मणक्यातलं पाणी परत तपासलं का, आणि त्यात जंतू मेल्याचं दिसलं का? डोक्याची सोनोग्राफी किंवा एमआरआय झाला का? डोक्याचा घेर रोज मोजताय का? या वयात टाळू उघडी असल्यानं तिच्यातून सोनोग्राफी करता येते, भूल द्यावी लागत नाही. साल्मोनेलाची एक वाईट खोड अशी की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सगळं निवळलं असं वाटत असताना, आवरणाखाली पू किंवा पाणी साठतं, किंवा मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी तुंबून डोकं वाढायला लागतं. गेलेला ताप परत आला, बाळ पुन्हा किरकिरं झालं, नजर खाली वळलेली दिसायला लागली, तर नर्सला झोपेतून उठवावं लागलं तरी उठवा. यासाठीसुद्धा तो महिना दवाखान्यात जावा असं मला वाटतं. घरी हे लक्षात येईपर्यंत चार दिवस निघून जातात.

मणक्यातलं पाणी काढल्यानं पाय लुळे पडत नाहीत. सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली घालतात. पाणी काढतात ते मिलिलिटर-दोन मिलिलिटर, आणि शरीर ते काही तासांत भरून काढतं. ज्या मुलांचे पाय पुढे लुळे पडले, ती आजारामुळे पडली. पण लोकांना सुई दिसते, जंतू दिसत नाही, म्हणून नाव सुईचं होतं. या समजापायी आईबाप पाणी काढायला नकार देतात आणि दोन दिवस अंदाजपंचे औषध चालतं. तुम्ही लगेच होकार दिलात म्हणून जंतूचं नाव कळलं. नाव कळलं नसतं तर कदाचित दहा दिवसांतच घरी पाठवलं गेलं असतं.

टायफॉइडचं थोडक्यात. साल्मोनेलाचे अडीच हजारांहून जास्त प्रकार आहेत. टायफॉइडचा जंतू त्यांतलाच एक, आणि तो फक्त माणसांत राहतो. बाकीचे बहुतेक कोंबड्या, गुरं, सरपटणारे प्राणी यांच्या आतड्यांत असतात आणि अन्नातून आपल्याकडे येतात. आधी जुलाब आणि मग हे, अशा गोष्टीत बहुधा या दुसऱ्या टोळीतला असतो. नेमका कोणता, ते रिपोर्टवर असेल. कोणी ‘विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) करून घ्या’ म्हणालं तर मान डोलावून सोडून द्या. १८९६ सालची ती तपासणी मोठ्या माणसांतही दगा देते. जंतू मणक्यातल्या पाण्यात वाढलेला दिसला असताना या बाळाला तिचा काडीचा उपयोग नाही. टायफॉइडची लस चांगली आहे, नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये ती मुलांना मोफत दिली होती, सहा महिन्यांनंतर जरूर घ्या. पण या दुसऱ्या टोळीवर ती चालत नाही. तुम्ही दिलेली पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकॉकलची लसही मेंदूज्वराच्या इतर जंतूंसाठी होती. त्या वाया गेल्या असं समजू नका, त्यांनी त्यांचं काम केलंच आहे.

आता घरातल्या भांडणाकडे येतो. आलं कुठून?

मोठ्या माणसाला साल्मोनेला झाला तर तीन-चार दिवस जुलाब होतात आणि विषय संपतो. तान्ह्या बाळाच्या पोटात आम्ल कमी, प्रतिकारशक्ती अजून शिकाऊ. त्यामुळे थोडेसे जंतूही पुरतात, आणि ते आतड्याची भिंत ओलांडून रक्तात आणि तिथून मेंदूच्या आवरणात जाऊ शकतात. जुलाब झालेल्या दर बाळाला असं होत नाही, फार थोड्यांना होतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळांना धोका सर्वांत जास्त, पहिलं वर्षभर तो थोडाफार राहतो.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. मोठीला आठवडाभर आधी जुलाब झाले होते. माझं बोट पहिल्यांदा तिकडेच जातं. चार वर्षांची पोरगी शी करून येते, हात अर्धवट धुते आणि भावाच्या तोंडात बोट घालून त्याला हसवते. लहान मुलांच्या शीतून हा जंतू जुलाब थांबल्यावरही कित्येक आठवडे पडत राहतो. म्हणून तिची शी तपासा किंवा नका तपासू, डॉक्टर सांगतील तसं करा. पण पुढचे काही महिने तिचे हात साबणाने तुम्ही स्वतः उभं राहून धुवायचे. तिला मात्र ‘तुझ्यामुळे झालं’ असं चुकूनही म्हणू नका, कोणाला म्हणूही देऊ नका. तिलाही ते कुठूनतरीच आलं.

ते ‘कुठूनतरी’ बहुधा स्वयंपाकघरात सापडतं. रविवारचा ओटा डोळ्यांपुढे आणा. चिकन येतं, पिशवीतून थेट सिंकमध्ये, वर नळ पूर्ण सोडलेला. पाण्याचे बारीक शिंतोडे हातभर लांब उडतात. त्याच ओट्यावर, नळाच्या उजव्या हाताला, बाळाची बाटली आणि बूच उकळून उपडं घातलेलं. ज्या घासणीनं चिकनचं पातेलं घासलं, त्याच घासणीनं संध्याकाळी दुधाची वाटी. बाटली वीस मिनिटं उकळली होती, यात शंका नाही. पण उकळल्यानंतर ती कुठे ठेवली हे कोणी पाहिलं नाही. चिकन धुवायचंच असेल तर मोठ्या पातेल्यात, नळाखाली नाही. खरं तर धुवायची गरज नसते, नीट शिजवलं की जंतू मरतातच, पण हे सांगितलं की बायका माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात ती मला पाठ झाली आहे. गावठी अंड्याला लागलेली घाण, न तापवलेलं दूध, परसातल्या कोंबड्या, हेही याच यादीत येतात.

पालीबद्दलही सांगून टाकतो. दुधात पाल पडली की ते विषारी झालं म्हणून आपण ओतून देतो. ओतायचंच, पण विषामुळे नाही. आपल्या घरातली पाल विषारी नसते. तिच्या आतड्यात साल्मोनेला मात्र सर्रास असतो आणि तिच्या लेंड्या फळीवर, डब्यांच्या झाकणांवर पडलेल्या असतात. कासवांचंही तेच. अमेरिकेत लहान मुलांना कासवांपासून हा आजार होतो म्हणून १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायलाच बंदी घातली. आपल्याकडे हौसेनं काचेच्या भांड्यात कासव पाळणारी घरं वाढली आहेत. बाळानं त्याला हात लावायची गरज नसते, भांडं धुणाऱ्याचा हात पुरतो.

आता डबा की गुटी. दोन्हींवर संशय घेता येतो आणि एकावरही तो सिद्ध करता येत नाही. हा जंतू कोरड्या पदार्थात महिनोन्महिने जिवंत राहतो. दुधाची पावडर निर्जंतुक नसते, डबा सीलबंद असला तरी. फ्रान्समध्ये २०१७ च्या शेवटी लॅक्टालिस कंपनीच्या बाळदुधात साल्मोनेला निघाला, तीसहून जास्त बाळं आजारी पडली आणि ८० हून अधिक देशांतून डबे परत मागवावे लागले. म्हणून पावडर कोमट पाण्यात कालवायची नाही. पाणी उकळायचं, फार तर अर्धा तास थांबायचं, ते ७० अंशांच्या वर असतानाच पावडर घालायची आणि मग भांडं गार पाण्यात धरून दूध निववायचं. दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. आणि बाटलीपेक्षा वाटी-चमचा कधीही बरा, त्याला घाण साठायला कोपरे नसतात.

तोच न्याय गुटीला. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, खारीक, सगळं कोरडं. एका डबीत महिनोन्महिने ठेवलेलं, रोज ओल्या बोटांनी हाताळलेलं. सहाण पाण्यानं विसळून ओलीच कोपऱ्यात उभी केलेली. उगाळताना बोटानं गोळा करून तेच बोट बाळाच्या तोंडात. सासूबाईंनी त्यांची मुलं याच गुटीवर वाढवली हे खरं आहे. त्या काळात तान्ही बाळं जुलाबानं जायची हेही खरं आहे. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय बाळाला काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. हे मी गुटीवाल्यांनाही सांगतो आणि डबेवाल्यांनाही.

तेव्हा खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं, हा प्रश्न सोडून द्या. तुम्ही नोकरीवर गेलात तो गुन्हा नव्हे. दूध काढून ठेवायला कोणी शिकवलं असतं तर डबा कदाचित लागलाही नसता. स्वच्छ वाटीत काढलेलं दूध खोलीत चार तास टिकतं, आपल्या उन्हाळ्यात मी दोनच तास धरीन, फ्रीजमध्ये त्याहून पुष्कळ जास्त. पतसंस्थेत मागची एखादी खोली मिळते का विचारा. आत्ता दवाखान्यात आहात तोवर शक्य तितकं अंगावर पाजा, मागं पडलेलं दूध परत वाढतं. आणि सासूबाईंशी गुटीचा विषय तुम्ही काढूच नका. राउंडच्या वेळी डॉक्टरांना हळूच सांगा की सासूबाईंसमोर त्यांनीच म्हणावं, “आजी, सहा महिने गुटी बंद, डबा पण बंद.” दोन्ही एकदम बंद झालं की कोणाची हार होत नाही. आम्हा डॉक्टरांचा असा उपयोग करून घ्यायला संकोचू नका.

टाळूवरही त्यांना दोष देऊ नका, पण हे वाचणाऱ्या सगळ्यांनी ऐका. बाळ शांत असताना, उभं धरून पाहिलं तर टाळू सपाट लागते. जुलाबानं अंगातलं पाणी कमी झालं की ती खोल जाते. जुलाब चालू असताना टाळू खोल जायच्या ऐवजी फुगलेली लागली, तर ते फार वाईट लक्षण. साडेचार महिन्यांत टाळू ‘भरून’ येत नसते, ती साधारण नऊ महिने ते दीड वर्षांत भरते. मान आखडायची वाट बघू नका, एवढ्या लहान बाळांत ती पुष्कळदा आखडतच नाही. पिणं सोडणं, न उठवता येण्यासारखी झोप, चिरका आवाज, आणि तुम्ही लिहिलं आहे तसं उचलल्यावर जास्त रडणं, हे बघा. एरवी कडेवर घेतलेलं बाळ शांत होतं, इथे आवरण ताणलं जातं म्हणून दुखतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी त्याच दिवशी दवाखाना.

मेंदूवर परिणाम राहील का? खोटा धीर देणार नाही. हा मेंदूज्वरातला कठीण प्रकार आहे. काही बाळं यातून वाचत नाहीत. वाचलेल्यांपैकी काहींना ऐकू कमी येतं, काहींना आकड्या राहतात, काहींची वाढ मागं पडते. आणि बरीच बाळं धडधाकट मोठी होतात. तुमचं बाळ पाचव्या दिवशी तापातून बाहेर आलं, पितंय, ओळखीचं हसतंय, या चांगल्या खुणा आहेत. आजच पक्कं कोणीच सांगू शकत नाही, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पण हातावर हात धरून बसायचं नाही. घरी जायच्या आधी, फार तर महिनाभरात, कानाची बेरा तपासणी करा. ताटली वाजवली की वळून बघतो, हे पुरेसं नाही. एका कानानं ऐकणारं बाळही वळतं. ऐकू येत नाही हे सहाव्या महिन्यात कळलं तर मूल बोलायला शिकतं, तिसऱ्या वर्षी कळलं तर भाषेचा मोलाचा काळ बराचसा निघून गेलेला असतो. डोक्याचा घेर दर महिन्याला मोजून वहीत लिहा. आकडीचं औषध मनानं थांबवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत मुलांच्या वाढीच्या अडचणींसाठी वेगळं केंद्र असतं, तिथे नाव घाला. मान कधी धरली, कधी पालथा पडला, कधी बसला, हे तिथे कोणीतरी विचारत राहील. बाकीच्या लसी चालू ठेवायच्या, हा आजार झाला म्हणून त्या चुकवायच्या नसतात, तारखा डॉक्टर नव्यानं लावून देतील.

परत होईल का? औषध पुरं झालं तर शक्यता कमी. उलटायचाच असेल तर बहुधा औषध थांबल्यावर पहिल्या काही आठवड्यांत उलटतो, तेवढा काळ प्रत्येक तापाला दवाखाना. एक गोष्ट मात्र स्वतःहून विचारा: बाळाची सिकलसेल तपासणी झाली आहे का? सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, विदर्भात तो काही समाजांत बराच आहे आणि सिकलसेलच्या मुलांना साल्मोनेला रक्तातून हाडांत, सांध्यांत जाऊन त्रास देतो. झाली असेल तर उत्तमच. शिवाय एचआयव्हीची तपासणी, आणि प्रतिकारशक्तीचा एखादा जन्मजात दोष नाही ना, याचा विचार डॉक्टर करतील. बीसीजी टोचल्यावर काखेत मोठी गाठ आली होती का, जखम महिनोन्महिने वाहत होती का, घरात आधी एखादं बाळ असंच गेलं होतं का, हे त्यांना आठवून सांगा. बहुतेक बाळांत असं काही निघत नाही. निघालं तर मात्र पुढची सगळी दिशा बदलते.

राहिलं जावळ. पाचव्यात नको, सातव्यात करा. सलाईनसाठी नर्सनं एका बाजूचे केस भादरले असतील तर ते जावळ मोडलं असं कोणी म्हणेल, त्याकडे लक्ष देऊ नका. फक्त न्हाव्याला वस्तरा नवा आणायला सांगा, आणि त्या दिवशी घरात जेवणावळ असेल तर चिकनचं पातेलं आणि बाळाची वाटी एका ओट्यावर येणार नाही एवढं बघा. डिस्चार्जचे कागद मिळाले की बेराच्या रिपोर्टसकट मला परत लिहा.